रंगून की घर? फेब्रुवारी १९४२ मधल्या तारांची गोष्ट

 

आज थोडा इतिहास सांगायचा आहे. लढाईचा नाही, पत्रव्यवहाराचा. फेब्रुवारी १९४२ मध्ये कॅनबेरा, लंडन आणि वॉशिंग्टन या तीन शहरांमध्ये आठवडाभर रात्रंदिवस तारा धावत होत्या. प्रश्न साधा वाटेल असा होता. हिंदी महासागरातून ऑस्ट्रेलियन सैनिकांनी भरलेल्या बोटी निघाल्या आहेत, त्या कुठे न्यायच्या? रंगूनला, की घरी?

ही गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या शाळांमध्ये शिकवली जाते, तुमच्या मुलांनी कदाचित वाचलीही असेल. पण तिची एक बाजू शाळेत सहसा येत नाही. रंगूनच्या रक्षणासाठी त्या वेळी जी हिंदी डिव्हिजन झगडत होती, ती उभी राहिली होती आपल्या अहमदनगरला. म्हणजे या गोष्टीत आपलं जुनं घरही आहे आणि नवंही. म्हणून ती आपण आपल्या बाजूनं, सावकाश ऐकू या.

आधी एक मुद्दा. देश नवीन असतो तेव्हा त्याची सत्ता कुठे दिसते? झेंड्यात, नाण्यांवर, हे खरंच. पण सर्वात आधी ती पत्रांत दिसते. पत्र कोणाच्या नावानं जातं, कोणाच्या हातून जातं, आणि त्या पत्रात 'नाही' म्हणता येतं का, यावरून देश किती स्वतंत्र आहे ते कळतं.

अमेरिकेचंच पाहा. अमेरिका नवी होती तेव्हा तिचे वकील पॅरिस आणि लंडनला बसत आणि पत्र अटलांटिक ओलांडायला आठवडेच्या आठवडे घेई. १८०३ मध्ये लिव्हिंग्स्टन आणि मन्रो या दोघांना न्यू ऑर्लिन्स आणि आसपासचा भाग विकत घ्यायला सांगितलं होतं. नेपोलियनच्या मंत्र्यानं अख्खा लुईझियाना पुढे केला. विचारायला वेळ नव्हता. दोघांनी दीड कोटी डॉलरचा सौदा करून टाकला आणि मग घरी कळवलं. उलटंही झालं. २४ डिसेंबर १८१४ ला गेंट गावी इंग्लंडशी तह झाला, पण ती बातमी पोचण्याआधीच, ८ जानेवारी १८१५ ला, न्यू ऑर्लिन्सला लढाई होऊन माणसं मेली.

आपल्याकडे त्याच काळात पुण्याचे वकील दरबारोदरबारी होते. दिल्लीला हिंगणे, हैदराबादला गोविंदराव काळे. नाना फडणवीस पुण्यात बसून या पत्रांवर राज्य चालवत. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून समजली, ही हकिकत तर आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. पत्र उशिरा पोचतं, अर्धवट पोचतं, आणि तोवर तिकडे काहीतरी घडून गेलेलं असतं. त्या काळातल्या प्रत्येक राज्यकर्त्याला हे गृहीत धरूनच चालावं लागे.

ऑस्ट्रेलियाचं दुखणं वेगळं होतं. १८७२ मध्ये ॲडलेड ते डार्विन अशी वाळवंटातून तारेची लाइन पूर्ण झाली आणि समुद्राखालच्या तारेनं हा खंड जगाशी जोडला गेला. ती वाट कुठून जात होती ठाऊक आहे? डार्विनहून जावा, सिंगापूर, पिनांग, मद्रास, तिथून जमिनीवरून मुंबई, आणि मुंबईहून एडन, सुएझ करत लंडन. सिडनीच्या व्यापाऱ्याची लंडनला जाणारी तार तेव्हा मुंबईतून पुढे जात होती. जे पत्र बोटीनं जायला दीड-दोन महिने लागत, त्यातला मजकूर आता तासांमध्ये पोचू लागला.

म्हणजे वेग होता. नव्हता तो अधिकार. १ जानेवारी १९०१ ला सहा वसाहतींचं मिळून ऑस्ट्रेलिया हे राष्ट्र झालं, परराष्ट्र खातंही निघालं. पण परदेशी सरकारला पत्र लिहायचं तर ते गव्हर्नर जनरलच्या हातून लंडनच्या वसाहत खात्याकडे, आणि तिथून पुढे. थेट लिहिणं शिष्टाचाराबाहेर.

हा शिष्टाचार पहिल्यांदा ठळकपणे मोडला आल्फ्रेड डीकिन यांनी. हे गृहस्थ तीन वेळा पंतप्रधान झाले. भारताबद्दल त्यांना मोठं कुतूहल होतं. इथले कालवे आणि पाटबंधारे पाहायला ते आले होते आणि १८९३ मध्ये त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. डिसेंबर १९०७ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या अमेरिकन वकिलाला आणि लंडनमधल्या अमेरिकन राजदूताला परस्पर लिहिलं, की तुमचं आरमार जगाच्या फेरीवर निघालं आहे, ते आमच्याकडेही येऊ द्या. लंडनच्या वसाहत खात्याचा तिळपापड झाला. पण आमंत्रण गेलेलं होतं. ऑगस्ट १९०८ मध्ये अमेरिकेच्या १६ युद्धनौका सिडनी बंदरात आल्या आणि त्या पाहायला सगळं शहर किनाऱ्यावर लोटलं. हेच डीकिन लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट' या दैनिकाला निनावी बातमीपत्रं लिहीत असत, आणि पंतप्रधान असतानाही लिहीत राहिले. स्वतःच्याच सरकारबद्दल, त्रयस्थ असल्यासारखं!

एवढं होऊनही १९३९ पर्यंत मूळ चौकट फारशी हलली नव्हती. ३ सप्टेंबर १९३९ ला पंतप्रधान मेन्झीस यांनी रेडिओवरून सांगितलं की ब्रिटननं युद्ध पुकारलं आहे आणि त्यामुळे ऑस्ट्रेलियाही युद्धात आहे. लक्षात घ्या, 'त्यामुळे'. त्याच दिवशी दिल्लीत व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात असल्याचं जाहीर केलं, आणि तेही एकाही हिंदी पुढाऱ्याला न विचारता. त्याच्या निषेधात प्रांतांमधली काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानंही राजीनामा दिला. एकाच दिवशी, एकाच युद्धात, दोन देश ओढले गेले. एकाला निदान स्वतःच्या पंतप्रधानाच्या तोंडून ऐकायला मिळालं.

आता १९४२ कडे येऊ.

ऑक्टोबर १९४१ मध्ये जॉन कर्टिन पंतप्रधान झाले. मजूर पक्षाचे. क्रेसविक या व्हिक्टोरियातल्या गावी जन्मलेला पोलिसाचा मुलगा, शिक्षण थोडं, पुढे कामगार चळवळ आणि वर्तमानपत्र. पहिल्या महायुद्धात सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध केला म्हणून काही दिवस तुरुंगातही जाऊन आलेले. लढाईचा तिटकारा असलेल्या या माणसाच्या पदरात लढाई पडली. दोन महिन्यांतच जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि मलायात सैन्य उतरवलं.

ऑस्ट्रेलियाचं उत्तम सैन्य त्या वेळी घरी नव्हतंच. सहावी आणि सातवी डिव्हिजन मध्यपूर्वेत, नववी तिथेच, आणि आठवीचा मोठा भाग मलाया-सिंगापूरमध्ये. कर्टिन यांनी २७ डिसेंबर १९४१ ला मेलबर्नच्या 'हेरल्ड' मध्ये लेख लिहून सांगितलं की आता ऑस्ट्रेलिया आधारासाठी अमेरिकेकडे पाहतो. लंडनमध्ये चर्चिल यांना हे चांगलंच झोंबलं.

यापुढची एक गंमत पाहा. गंमत म्हणायची, पण कर्टिन यांच्या जागी बसून पाहिलं तर डोकेदुखीच. परदेशात कर्टिन यांचे तीन महत्त्वाचे प्रतिनिधी होते. लंडनमध्ये हायकमिशनर स्टॅन्ली ब्रूस, हे माजी पंतप्रधान. लंडनमध्येच खास दूत म्हणून सर अर्ल पेज, हेही काही दिवस पंतप्रधान होऊन गेलेले. आणि वॉशिंग्टनमध्ये रिचर्ड केसी, ऑस्ट्रेलियाचे अमेरिकेतले पहिले वकील, जे १९४० मध्ये तिथे रुजू झाले. हे तिघेही कर्टिन यांच्या विरोधी बाजूचे. आधीच्या सरकारांनी नेमलेले. पेशवाईत कारभारी बदलला तरी वकील तेच राहत, तसंच.

पेज यांच्या एका बातमीनं जानेवारीतच मोठा गोंधळ झाला होता. सिंगापूर सोडून द्यावं का, यावर लंडनमध्ये विचार चालू आहे हे त्यांना कळलं आणि त्यांनी ते कॅनबेराला कळवलं. कर्टिन तेव्हा पर्थच्या वाटेवर होते. परराष्ट्रमंत्री एव्हॅट यांनी तार तयार केली आणि ती कर्टिन यांच्या नावानं गेली: इतक्या आश्वासनांनंतर सिंगापूर सोडलं तर तो अक्षम्य विश्वासघात समजला जाईल. शब्द इतके कडक होते की ते आजही विसरले गेलेले नाहीत. पुढे काय झालं? ब्रिटिशांची अठरावी डिव्हिजन २९ जानेवारीला सिंगापूरला उतरवली गेली आणि सतरा दिवसांत ती जवळजवळ सगळी कैदेत गेली. एकट्या त्या तारेमुळे हे झालं असं म्हणता येणार नाही. पण ती तार पारड्यात होती. पत्र लिहिणाऱ्यानं स्वतःच्या माणसांसाठी कितीही कळकळीनं लिहिलं, तरी त्याची किंमत कधी कधी तिसऱ्याच कोणाला द्यावी लागते.

१५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. आठव्या डिव्हिजनचे सुमारे १५,००० ऑस्ट्रेलियन आणि सुमारे ४०,००० हिंदी सैनिक कैद झाले. यातल्याच अनेक हिंदी कैद्यांमधून पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली.

मध्यपूर्वेतून निघालेलं सुमारे ६४,००० ऑस्ट्रेलियन सैन्य तेव्हा टप्प्याटप्प्यानं पूर्वेकडे येत होतं. एक बोट, 'ओर्केड्स', त्याच सुमारास जावाला पोचली आणि तिच्यावरचे लोक तिथेच उतरवले गेले. काही आठवड्यांत जावा पडलं आणि त्यातले बहुतेक जण जपान्यांच्या कैदेत गेले. ज्यांचं नाव इथल्या घराघरात घेतात ते डॉक्टर 'वेअरी' डनलॉप त्यांच्यातलेच. म्हणजे बोट चुकीच्या बंदराला लागली तर काय होतं, याचा धडा समोर होता.

ऑस्ट्रेलियाचे सेनाप्रमुख स्टर्डी यांनी सल्ला दिला: सगळं सैन्य घरी आणा. १७ फेब्रुवारीला कर्टिन यांनी लंडनला तशी मागणी केली. त्याच आठवड्यात ते आजारी पडून सिडनीत रुग्णालयात होते. लंडनचं मत वेगळं होतं. सातवी डिव्हिजन ब्रह्मदेशाच्या सर्वात जवळ आहे, ती रंगूनला उतरवा, म्हणजे ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा रस्ता वाचेल. पेज आणि ब्रूस दोघांनीही कर्टिन यांना तसंच सुचवलं. १९ फेब्रुवारीला डार्विनवर जपानी विमानांनी दोन हल्ले केले, दोनशेहून जास्त माणसं मेली. कॅनबेरात विरोधी पक्षाचे नेतेसुद्धा म्हणत होते की चर्चिल यांचं ऐका. कर्टिन यांच्या सरकारनं नाही कळवलं.

२० तारखेला चर्चिल यांची लांब तार आली. भाषा विनवणीची, पण दटावणीचीही. रंगूनची उणीव भरून काढणारं दुसरं सैन्य जगात कुठे नाही. तुम्ही नाकारलंत तर त्याचे परिणाम गंभीर होतील, आणि ज्या अमेरिकेवर तुम्ही विसंबून आहात तिच्यावरही त्याचा वाईट परिणाम होईल. पाठोपाठ अध्यक्ष रूझवेल्ट यांचाही निरोप: आम्ही तुमच्या रक्षणाला सैन्य पाठवतो आहोत, तुम्ही ही डिव्हिजन ब्रह्मदेशाला द्या.

एका बाजूला चर्चिल, रूझवेल्ट, स्वतःचे दूत, स्वतःच्या संसदेतला विरोधी पक्ष. दुसऱ्या बाजूला एकटा सेनाप्रमुख आणि सत्तर लाखांचा देश. २२ तारखेला कर्टिन यांनी पुन्हा नाही कळवलं. कारणं दिली: आमची ग्रीस आणि क्रीटमध्ये फसगत झाली, मलायात झाली, हे सैन्य रंगूनला उतरवता येईल याची खात्री नाही, आणि नंतर बाहेर काढता येईल याची तर अजिबात नाही. शिवाय बोटींमध्ये माणसं एकीकडे आणि त्यांची अवजड शस्त्रं दुसरीकडे, अशी भरणी होती. उतरल्या उतरल्या लढता येईल अशी ती नव्हती.

आणि मग लंडनहून आणखी एक तार आली. तिच्यात चर्चिल यांनी कळवलं होतं की तुम्ही नकार द्याल असं आम्हाला वाटलंच नव्हतं, म्हणून तुमचं उत्तर येण्याआधीच आम्ही बोटी उत्तरेला वळवल्या आहेत. आता त्या इतक्या वर गेल्या आहेत की काहींना इंधन घेतल्याशिवाय ऑस्ट्रेलियाला पोचता येणार नाही.

क्षणभर याचा विचार करा. तुम्ही 'नाही' म्हणता आहात आणि तुमची माणसं तिकडे निघालेली आहेत. कर्टिन यांनी उत्तर दिलं की आमची संमती तुम्ही गृहीत धरलीत, या वळवण्यामुळे धोका वाढला आहे, आणि आता सैन्य सुखरूप पोचेपर्यंतची जबाबदारी तुमची. २३ फेब्रुवारीला चर्चिल यांनी कळवलं की बोटी कोलंबोला इंधन घेतील आणि तुमच्या इच्छेप्रमाणे ऑस्ट्रेलियाकडे जातील.

पुढचे दिवस कर्टिन यांना झोप लागली नाही. त्या समुद्रात जपानी पाणबुड्या होत्या आणि बोटींना पुरेसं संरक्षण नव्हतं. रात्री उशिरा पंतप्रधान निवासाच्या आवारात ते एकटे फेऱ्या मारत असत, अशी आठवण त्यांच्याबरोबरच्या लोकांनी सांगितलेली आहे. एक बोट बुडाली असती तर जग म्हणालं असतं, बघा, या माणसाच्या हट्टानं मेले. मार्चमध्ये बोटी सुखरूप पोचल्या. हीच सातवी डिव्हिजन पुढे ऑगस्टपासून न्यू गिनीत कोकोडाच्या वाटेवर लढली. दर ॲन्झॅक डेला ज्या कोकोडाचं नाव तुम्ही ऐकता, तेच.

आता नकाशाची दुसरी बाजू पाहू.

सतरावी हिंदी डिव्हिजन १९४१ मध्ये अहमदनगरला उभी राहिली. तिच्यात तीन ब्रिगेड होत्या. त्यातल्या दोन तिच्यापासून काढून मलाया-सिंगापूरकडे धाडल्या गेल्या आणि तिथेच संपल्या. उरलेली एक आणि मुख्यालय ब्रह्मदेशाला गेलं. तिथे आणखी तुकड्या जोडल्या गेल्या. अपुरं प्रशिक्षण, अपुरी सामग्री, आणि समोर जपानी.

२३ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे सितांग नदीवरचा पूल जपान्यांच्या हाती पडू नये म्हणून उडवण्यात आला. तेव्हा डिव्हिजनचा मोठा भाग नदीच्या पलीकडेच होता. जवान बांबूच्या तराफ्यांवर, पोहत, बंदुका टाकून जीव वाचवत अलीकडे आले. अनेक आलेच नाहीत. तारीख पुन्हा ऐका: २३ फेब्रुवारी. ज्या दिवशी ऑस्ट्रेलियन बोटींना घरी जायची मोकळीक मिळाली, तोच दिवस.

७ मार्चला ब्रिटिशांनी रंगून सोडलं. ते शहर आपल्याला परकं नव्हतं. तिथल्या वस्तीत निम्म्याहून जास्त लोक हिंदी होते. त्याच ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी सहा वर्षं काढली होती आणि 'गीतारहस्य' लिहिलं होतं. तिथला शेवटचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत वारला होता. रंगून पडल्यावर लाखो हिंदी लोक डोंगर-जंगलातून पायी आसाम-मणिपूरकडे निघाले आणि वाटेत हजारो मेले.

मग कर्टिन यांचं चुकलं का? श्रोतेहो, हा प्रश्न टाळू नये. त्यांची डिव्हिजन गेली असती तर सितांगच्या लोकांना मदत झाली असती का? बोटी फेब्रुवारीच्या शेवटी रंगूनला लागल्या असत्या, शस्त्रं वेगळी, बंदर अर्धं ओस पडलेलं. बहुतेक इतिहासकार म्हणतात की रंगून वाचलं नसतं आणि सातवी डिव्हिजनही हातची गेली असती. मला हे पटतं. शिवाय कर्टिन यांनी मदत पूर्ण नाकारली असंही नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी सहाव्या डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड सिलोनच्या रक्षणासाठी देऊ केल्या आणि त्या जुलैपर्यंत तिथे राहिल्या. सिलोन म्हणजे दक्षिण हिंदुस्थानचं दारच.

मला बोचतं ते वेगळं. नगरच्या डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड मलायाकडे वळवल्या, तेव्हा कोणी कोणाला तार केली? कोणी विचारलं? मुंबईत, पुण्यात, दिल्लीत असा एकही निवडून आलेला माणूस नव्हता, ज्याची संमती घेणं लंडनला भाग होतं. कर्टिन यांना निदान न विचारता बोटी वळवल्याबद्दल जाब विचारता आला. आपल्या बाजूला जाब विचारणारा पत्ताच नव्हता. सितांगला पोहत आलेल्या जवानाच्या गावाकडे गेली असेल तर एकच तार, बेपत्ता असल्याची. स्वराज्य म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगायचं असेल तर या दोन तारा शेजारी शेजारी ठेवून पाहा.

या गोष्टीला आपल्यासाठी एक पुढचं पानही आहे. १९४४ मध्ये हिंदुस्थानचे हायकमिशनर म्हणून कॅनबेरात एक मराठी गृहस्थ आले: रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोलीजवळच्या मुर्डीचे, १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर होणारे पहिले हिंदी, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य, महर्षी कर्व्यांचे आप्त. त्यांच्याबरोबर कन्या शकुंतला आणि छोटी नात सई. दिग्दर्शिका सई परांजपे यांच्या लहानपणाची काही वर्षं या शहरात गेली. तेव्हाच्या कॅनबेरात मराठी बोलणारी घरं किती असतील! 'व्हाइट ऑस्ट्रेलिया' धोरण चालूच होतं. १९०१ च्या कायद्यानं आपल्यासारख्यांना इथे स्थायिक व्हायला दार बंद होतं, आणि त्याच देशाच्या राजधानीत एक मराठी माणूस राजनैतिक प्रतिनिधी म्हणून राहत होता. मात्र तो ज्यांच्या वतीनं बोलत होता ते सरकार व्हाइसरॉयचं होतं. उलट बाजूनं दिल्लीला ऑस्ट्रेलियाचे पहिले हायकमिशनर म्हणून गेले सर आयव्हन मॅके, ज्यांनी सहाव्या डिव्हिजनचं नेतृत्व केलं होतं. आणि वॉशिंग्टनचे ते केसी १९४४ मध्ये बंगालचे गव्हर्नर होऊन कलकत्त्याला पोचले होते. जग तेव्हा असं लहान होतं.

परांजपे १९४७ पर्यंत इथे राहिले. त्याच वर्षी ३० जुलैला, आपल्या स्वातंत्र्याला पंधरा दिवस उरले असताना, इंडोनेशियावरच्या डच हल्ल्याचा प्रश्न दोन देशांनी सुरक्षा परिषदेपुढे नेला. ते दोन देश होते भारत आणि ऑस्ट्रेलिया. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या सैन्याची ने-आण लंडनहून ठरत होती, त्या दोघांनी आता आपापल्या सहीनं पत्रं लिहिली होती.

कर्टिन ते पाहायला नव्हते. ५ जुलै १९४५ ला, युद्ध संपायच्या सहा आठवडे आधी, ते पंतप्रधान निवासातच वारले. त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत. चर्चिल यांनी युद्धाचा इतिहास लिहिला, १९५० च्या खंडात या तारा आपल्या बाजूनं छापल्या, आणि जगानं बरीच वर्षं ही गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकली. पुढे ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्र खात्यानं आपल्याकडच्या तारा कालक्रमानं खंडांमध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा दुसरी बाजू सगळ्यांना वाचता आली. आपल्याकडे १९३० च्या दशकात रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापले, तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाचं असंच झालं. तोवर इंग्रजांनी लिहिलेलंच बरंचसं प्रमाण मानलं जाई.

तेव्हा एक सुचवणं. या तारा आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात. घरात नववी-दहावीचं मूल असेल तर १७ ते २३ फेब्रुवारी १९४२ या सात दिवसांच्या तारा त्याच्याबरोबर ओळीनं वाचा. एकानं चर्चिल व्हा, एकानं कर्टिन. आणि तिसऱ्याला नकाशावर सितांग नदी शोधायला सांगा, तिच्यापासून नगरपर्यंत बोट फिरवायला सांगा. कॅनबेराला गेलात तर युद्धस्मारक बघताच. या वेळी तिथे जरा जास्त वेळ थांबा.

आणि तुमच्या घरात कोणाच्या आजोबा-पणजोबांची त्या काळातली पत्रं, तारा, फौजेचे कागद असतील, तर त्यांचे फोटो काढून ठेवा, मागे नाव आणि गाव लिहा. सरकारांचे कागद सरकारं जपतात. जवानाच्या घरचे कागद घरानंच जपावे लागतात.